पुलाखालून जायचं तर जड व्हा

हुसेनसागरावर लुंबिनी पार्कच्या धक्क्याला बोट लागते, माणसं उतरतात आणि बोटीच्या अंगावर चार बोटं रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. नवी माणसं चढली की तो पट्टा पुन्हा पाण्याखाली जातो. दिवसभर हेच चालू असतं. मी हैदराबादेत जन्मले, काचीगुड्यात वाढले, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. या तळ्याच्या काठी किती वेळा आले याची गणती नाही. तरीही त्या ओल्या पट्ट्याकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते गेल्या दिवाळीत, नातवामुळे.

तो दहा वर्षांचा आहे. रांगेत उभा असताना त्याची नजर तळ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीवर नव्हती, बोटीवर होती. म्हणाला, "आज्जी, माणसं चढली की बोट खाली जाते." मी म्हटलं, "हो, वजन वाढलं ना." थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "समज, मधे एक पूल आहे. बोटीचं छप्पर पुलाला लागतंय, अगदी थोडंसंच. मग काय करायचं? माणसं उतरवायची?"

"नाही रे. आणखी माणसं चढवायची."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. पण मी खरंच सांगत होते. जमिनीवर वाट अडली की आपण ओझं कमी करतो. पाण्यावर कधी कधी ओझं वाढवावं लागतं. जगभरात कालव्यांवरून बोटी हाकणारी माणसं दोन-अडीचशे वर्षं हे करत आली आहेत. त्यात चमत्कार काही नाही, फक्त पाण्याचा नियम आहे. तो नियम घरातल्या भांड्यांत दाखवता येतो, आणि तो अर्धाच पाळला तर काय होतं, हे आम्हा हैदराबादकरांनी याच तळ्यात पाहिलं आहे.

बादली, डबा आणि मूठमूठ तांदूळ

घरी आल्यावर आम्ही बादलीत पाणी घेतलं. त्यात स्टीलचा एक उभट डबा सोडला, तो कलंडू नये म्हणून आधी तळाशी थोडे तांदूळ टाकून. बादलीच्या काठावर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली. हा झाला पूल. डब्याचा काठ पट्टीला अडत होता. नातू डब्यात मूठमूठ तांदूळ टाकू लागला. डबा हळूहळू खाली जात होता, पण त्याला वाटलं होतं तेवढ्या लवकर नाही. चार मुठी झाल्या तरी काठ पट्टीला घासतच होता.

कारण शोधायला त्याला थोडा वेळ लागला. बादलीतलं पाणी वर चढत होतं! डबा खाली जाताना जे पाणी बाजूला सारत होता, ते जाणार कुठे? अरुंद बादलीत ते वरच येणार. मग आम्ही सगळा सरंजाम न्हाणीघरातल्या मोठ्या टबात हलवला. तिथे पाण्याची पातळी हलल्याचं डोळ्यांना दिसेना आणि डबा ऐटीत पट्टीखालून गेला. तलाव, नदी, लांबच लांब कालवा म्हणजे असा मोठा टब. बोट जड झाली म्हणून तिथलं पाणी काही वर चढून पुलाला लागत नाही.

आता हिशेब. आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं ते असं: तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बोटीचं वजन जेवढं, तेवढ्याच वजनाच्या पाण्याची जागा ती व्यापते. वजन वाढवलं की तिला जास्त पाणी सारावं लागतं, म्हणजे जास्त खोल बसावं लागतं. पाणी खालून वर जो रेटा देतं त्याला पाठ्यपुस्तकात प्लावक बल म्हणतात. विहिरीत बुडवलेली भरली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते, हा त्याच बलाचा अनुभव.

आमच्या डब्याच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण १०० चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे डबा १ सेंटिमीटर खाली जायला १०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं गेलं पाहिजे. एवढ्या पाण्याचं वजन १०० ग्रॅम. तेव्हा १०० ग्रॅम तांदूळ टाकले की डबा १ सेंटिमीटर खाली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तांदूळ मोजून आम्ही हे ताडून पाहिलं.

हाच हिशेब मोठा करा. २० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सपाट तळाची मालवाहू बोट घ्या. तिच्या तळाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. ती १ सेंटिमीटर खाली जायला १ घनमीटर पाणी सारलं पाहिजे, म्हणजे १ टन वजन हवं. पुलाखालून जायला ३० सेंटिमीटर कमी पडत असतील तर ३० टन. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाच हजार लिटरचे पाण्याचे टँकर येतात. तसे सहा टँकर म्हणजे ३० टन.

ऐकायला हे ओझं फार वाटतं. पण बोटवाल्याला टँकर बोलवावा लागत नाही. ज्या पाण्यावर बोट उभी आहे तेच पाणी पंपाने आत घ्यायचं, बोट खाली बसली की पुलाखालून सरकायचं, पलीकडे गेल्यावर तेच पाणी बाहेर टाकायचं. एका पैशाचं ओझं विकत आणायला नको आणि वाहून न्यायलाही नको. हे मला या युक्तीतलं सर्वांत सुंदर वाटतं. ज्या पाण्याने बोट उचलून धरली आहे, त्याच पाण्याने तिला खाली बसवायचं.

भरलेली जाते, रिकामी अडते

इंग्लंडमध्ये १७६१ साली वर्स्ली इथल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला न्यायला ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. जेम्स ब्रिंडली हा त्यामागचा मुख्य कारागीर-अभियंता. त्यानंतरच्या काही दशकांत त्या देशात कालव्यांचं जाळं विणलं गेलं. या कालव्यांवर शेतकऱ्यांच्या गाड्यांसाठी, गुराढोरांसाठी जागोजागी विटांचे कमानी पूल बांधले. पूल जितका उंच तितक्या विटा जास्त, दोन्ही बाजूंचा चढ लांब आणि खर्चही मोठा. म्हणून पूल ठेंगणे ठेवले. बऱ्याच कालव्यांवर बोटीही अरुंद, जेमतेम सात फूट रुंदीच्या. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा आणि मागून बोट सरकायची.

अशा ठिकाणी एक गोष्ट घडते, ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. कोळशाने भरलेली बोट पुलाखालून आरामात जाते आणि कोळसा उतरवून परत येणारी रिकामी बोट त्याच पुलाला घासते. रिकामी बोट पाण्यावर उंच तरंगते ना! माल उतरला म्हणजे वाट मोकळी झाली असं समजावं, तर वाट तिथेच अडते.

युरोपातल्या ऱ्हाइन नदीवरच्या मालवाहू बोटींना आजही हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. तिथे कंटेनर एकावर एक रचून नेतात. कंटेनर रिकामे असले की रचलेला ढीग तेवढाच उंच, पण बोट हलकी. मग तळाच्या टाक्यांत पाणी भरून बोट खाली बसवतात. कित्येक बोटींची सुकाणूची खोलीसुद्धा खालीवर करता येते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातला मधला जुना पूल वरच्या अंगाला जाणाऱ्या बोटींची उंचीची मर्यादा ठरवतो. तिथे पूल जवळ आला की नाविकाची खोली खाली सरकते. नदीला पूर असला की पाणीच वर चढतं, पुलाखालची फट कमी होते आणि पाणी ओसरेपर्यंत बोटींना थांबावं लागतं.

आपल्याकडेही कालव्यांवरून बोटी चालत. हैदराबादेहून पूर्वेला किनाऱ्याकडे गेलं की गोदावरीचा त्रिभुज प्रदेश लागतो. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड करत गेलेली आपली गोदावरीच ती. तिथे दवलेश्वरमला आर्थर कॉटनने बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि त्यातून निघालेले कालवे शेतीला पाणी द्यायचे तसे भाताच्या पोत्यांनी भरलेल्या बोटीही वाहायचे. त्याच्या दक्षिणेला किनाऱ्याला समांतर धावणारा बकिंगहॅम कालवा मद्रासपर्यंत आणि पुढेही जायचा. पुढे रेल्वे आणि रस्ते आले आणि बोटींची वर्दळ आटत गेली. २००८ मध्ये काकीनाडा ते पुदुच्चेरी हे कालवे आणि त्यांना जोडणारे गोदावरी-कृष्णेचे पट्टे मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ जाहीर झाला. पण बोटी बंद झाल्यानंतर कालव्यांवर जे पूल उठले, ते बांधताना खालून कधी उंच बोट जाईल असा विचार बहुतेकांनी केलेला नव्हता. जलमार्ग पुन्हा जागे करायचे तर गाळ काढण्याइतकाच पुलांच्या उंचीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूल एकदा बांधला की त्याच्या खालची फट पुढच्या पन्नास वर्षांसाठी ठरून जाते. तेव्हा पूल बांधताना खालच्या पाण्यालाही विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

कलून जाणं, धावत जाणं

पाणी भरणं ही एकच युक्ती नाही. शिडाच्या बोटींना उंच डोलकाठी असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर जो आतला जलमार्ग आहे, त्यावरचे बरेचसे न उघडणारे पूल पाण्यापासून ६५ फुटांवर आहेत. डोलकाठी त्याहून जरा उंच असेल तर काही नाविक बोटीच्या एका कडेला पाण्याने भरलेल्या पिशव्या किंवा पिंपं टांगतात आणि बोट मुद्दाम कलती करतात. उभी काठी कलली की तिचं टोक खाली येतं. २० मीटरची काठी २० अंशांनी कलवली तर तिचं टोक सुमारे सव्वा मीटर खाली येतं. भिंतीला टेकवलेली शिडी पायथ्याशी पुढे ओढली की तिचं वरचं टोक उतरतं, तसंच.

त्याहून नवलाची हकिकत 'ओअॅसिस ऑफ द सीज' या प्रचंड प्रवासी जहाजाची. फिनलंडमध्ये बांधून झाल्यावर २००९ च्या ऑक्टोबरअखेरीस ते बाल्टिक समुद्रातून बाहेर पडायला निघालं. वाटेत डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल. पुलाखाली मोकळी जागा सुमारे ६५ मीटर आणि जहाजाची पाण्यावरची उंची सुमारे ७२ मीटर. जहाजाची धुराडी आत ओढून घेता येतील अशी आधीच बांधलेली होती. ती खाली घेतली. तरीही मधली फट अगदी थोडी. मग नाविकांनी जहाजाचा वेग वाढवला. उथळ पाण्यातून मोठं जहाज वेगाने जाऊ लागलं की त्याच्या तळाखालच्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब उतरतो आणि जहाज आणखी थोडं खाली बसतं. पूल जवळ आला की कुणीही वेग कमी करेल. इथे वेग वाढवूनच वाट मिळाली.

१० मार्च १९९०

इथवर नातू खूश होता. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट पाहत होते. "वजन कुठेही ठेवलं तर चालेल?"

नाही चालणार. किती वजन, याचा जाब पाणी सरळ देतं, बोट तेवढी खाली बसवतं. पण वजन कुठे ठेवलं, याचा जाब ते एकदम मागतं.

हे आम्ही हुसेनसागरात पाहिलं. तळ्याच्या मध्यावर आज जी बुद्धाची मूर्ती उभी आहे, ती एकाच पाषाणातली. तेव्हाचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांना न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून आपल्या शहरातही असं काही असावं असं वाटलं. भोंगीरजवळच्या रायगिरीच्या डोंगरात ग्रॅनाइटचा अखंड पाषाण मिळाला. १९८५ मध्ये काम सुरू झालं. गणपती स्थपती यांच्या देखरेखीखाली शिल्पकारांनी सुमारे १७ मीटर उंचीची, तीनशे टनांहून जास्त वजनाची मूर्ती घडवली. १९८८ मध्ये ती १९२ चाकांच्या ट्रेलरवरून शहरात आणली, त्यासाठी रस्ते रुंद केले. जमिनीवरचा साठेक किलोमीटरचा प्रवास पार पडला. पाण्यावरचा उरला होता तो अगदी थोडा, काठापासून तळ्यातल्या चौथऱ्यापर्यंतचा.

१० मार्च १९९०, शनिवार. मूर्ती बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, चढवून निघाली आणि काठापासून शंभरेक यार्डांवर बार्ज कलली. मूर्ती घसरून तळ्यात गेली. आठ-दहा जणांचे जीव गेले.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, टँकबंडवर, तळ्याच्या बांधावरच्या रस्त्यावर गेले होते. कठड्याला लागून माणसांची दाटी होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाण्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तळं नेहमीसारखंच दिसत होतं, आणि त्याचंच फार वाईट वाटत होतं. माझ्या वर्गातल्या मुली सोमवारी विचारणार, "बाई, असं कसं झालं?" आणि मला त्यांना काहीतरी खरं सांगता यायला हवं होतं.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. घरी आल्यावर त्यांनी तांब्याच्या घंगाळात पाणी घेतलं, त्यावर स्टीलचं ताट तरंगत ठेवलं आणि ताटाच्या मधोमध पाण्याने भरलेला तांब्या उभा केला. ताट तरंगत राहिलं. "हलव," म्हणाले. मी बोटाने ताटाची कड जराशी दाबली. तांब्या बोटभर सरकला. तो सरकला म्हणून कड आणखी दबली, कड दबली म्हणून तांब्या आणखी सरकला, ताटात पाणी आलं आणि एका क्षणात सगळं तळाशी. मी बोट केव्हाच उचललं होतं.

मग त्यांनी खोल पातेलं घेतलं. त्याच्या तळाशी वरवंटा आडवा ठेवला, तो लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी फडकं दाबून बसवलं आणि पातेलं पाण्यात सोडलं. मी कड दाबली, सोडली. पातेलं डुललं आणि जागेवर आलं. वरवंटा तांब्याहून जड होता. तरी पातेलं बुडालं नाही. "तरंगणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं," अण्णा म्हणाले.

त्या वाक्याचा उलगडा मी पुढे दरवर्षी वर्गात करत आले. बोट कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्या बाजूला जास्त रेटा देतं. हा रेटा बोटीला पुन्हा सरळ करू पाहतो. वजन खाली असेल तर तो जिंकतो. पण वजन उंचावर असेल, तर बोट कलताच ते वजन स्वतःच त्या बाजूला झुकतं आणि उलथवायला मदत करतं. रुंद, सपाट बार्ज थोड्या कलण्याला दाद देत नाही, म्हणून ती फार भक्कम वाटते. मात्र तिची कड एकदा पाण्याखाली गेली की सरळ करणारा रेटा झपाट्याने संपतो. त्यात वरचं ओझं जागेवरून सरकलं, तर ताट आणि तांब्याची गोष्ट पुरी होते. ती पुरी व्हायला मिनिटही लागत नाही.

हा धडा पुलाखालून जाणाऱ्या बोटीलाही तसाच लागू आहे. बोट खाली बसवायला जे वजन घ्यायचं, ते तळाशीच घ्यायचं. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांतही माल कमी असला की तळाशी दगड किंवा वाळू भरत. मराठीत त्याला नीरम म्हणतात. छपरावर तीस टन पोती रचली तरी बोट तेवढीच खाली बसेल, पण ती पुलापर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

आणि पाणी भरताना आणखी एक जपायचं. नातवाच्या हातात मी परात दिली, अर्धी पाण्याने भरलेली, आणि ओट्यापासून न्हाणीपर्यंत न्यायला सांगितलं. दोन पावलांत पाणी एका बाजूला धावलं, परात त्या बाजूला जड झाली, पाणी आणखी धावलं आणि फरशी ओली झाली. मग तेवढंच पाणी काठोकाठ भरलेल्या झाकणाच्या बरणीतून नेलं. एक थेंब हलला नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी बोट जिकडे कलते तिकडेच धावतं आणि कल वाढवतं. म्हणून जहाजांच्या तळाशी एकच मोठी टाकी नसते, अनेक लहान टाक्या असतात. ज्या भरायच्या त्या काठोकाठ, बाकीच्या रिकाम्या, आणि डाव्या-उजव्या अंगाला सारख्या.

मूर्ती तळ्याच्या तळाशी अडीच वर्षांहून जास्त काळ पडून होती. तिला कुठे मोठी इजा झाली नव्हती. ग्रॅनाइट पाण्याच्या साधारण २.७ पट जड. म्हणजे १०० टनांचा पाषाण पाण्याखाली सुमारे ६३ टनच भरतो, उरलेला ३७ टनांचा भार पाणी पेलतं. जसजसा पाषाण पाण्याबाहेर येऊ लागतो, तसतसा हा आधार सुटतो आणि उचलणाऱ्या यंत्रणेवर पुरं वजन येतं. विहिरीच्या पाण्याबाहेर येताना घागर जड होते ती अशीच. अखेर मूर्ती वर काढली गेली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी 'जिब्राल्टर रॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकावरच्या चौथऱ्यावर उभी राहिली. मी तेव्हाही अण्णांबरोबर टँकबंडवर होते. त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. ते बुद्धासाठी होतं आणि गेलेल्या कामगारांसाठीही.

समुद्राच्या खांद्यावरून उतरलेला पूल

पाण्याचा हा नियम नीट पाळला तर काय साधतं, हे २०२४ मध्ये मुंबईत वरळीला दिसलं. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडायचा होता. त्यासाठी १३६ मीटर लांबीचा, सुमारे २,००० टनांचा कमानी पोलादी गर्डर न्हावा बंदरात जोडून बार्जवरून समुद्रमार्गे आणला. २६ एप्रिलच्या पहाटे तो बसवला. १५ मे रोजी दुसरा, १४३ मीटर लांब आणि सुमारे २,५०० टनांचा.

इथे प्रश्न आमच्या पुलाच्या नेमका उलटा होता. पूल बोटीवर होता आणि तो खांबांवर ठेवायचा होता. अशा कामात भरतीची वेळ साधतात. पाणी चढलेलं असताना बार्ज खांबांच्या मधे आणतात, तेव्हा गर्डर खांबांच्या माथ्याहून वर असतो. ओहोटी लागली की पाणी उतरतं, बार्ज उतरते आणि गर्डर बोटाबोटाने आपल्या जागेवर टेकतो. बार्जच्या टाक्यांत पाणी कमीजास्त करून ती सरळ आणि हव्या उंचीवर ठेवता येते. दोन हजार टन ओझं समुद्राने स्वतःच्या खांद्यावरून खाली ठेवलं. माणसांनी मोजमाप केलं, पंचांग आणि वारा पाहिला, आणि धीर धरला. कोळी बांधवांना भरती-ओहोटीचं जे वेळापत्रक तोंडपाठ असतं, त्यावरच एवढं मोठं काम तोललेलं होतं.

वरळीचा तो व्हिडिओ मी नातवाला दाखवला. त्याला सगळं समजलं होतं. म्हणाला, "म्हणजे डबा खाली न्यायला तांदूळ टाकायचे, नाहीतर बादलीतलं पाणी काढायचं." इंग्लंडच्या कालव्यांवरही क्वचित असंच करतात, दोन दरवाज्यांमधल्या पट्ट्यातलं थोडं पाणी सोडून बोटीला वाट देतात. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या हट्टाखातर आम्ही पुन्हा बोटीत बसलो. बोट सुटली, ओला पट्टा दिसेनासा झाला. बुद्ध जवळ आला तसे डाव्या हाताचे सगळे प्रवासी मोबाइल घेऊन उठले आणि उजवीकडे यायला निघाले. बोट जराशी कलली. मागून बोटवाल्याचा आवाज आला, "बैठ जाव, बैठ जाव! सब एक बाजू नक्को आव!" काही जण कुरकुरत बसले, काही उभेच राहिले.

नातू ताबडतोब बसला. शेजारच्या काकांचा शर्ट ओढून म्हणाला, "अंकल, बैठिए ना, वजन ऊपर हो रहा है." काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं आणि ते बसले.

माणूस उभा राहिला की त्याचं वजन वर जातं. साठ माणसं एकदम उभी राहून एका कडेला आली, तर ते टनावारी वजन वर गेलेलं असतं आणि जागेवरून सरकलेलंही. लोक शिकलेले असोत वा नसोत, बोटवाल्याच्या आरोळीला कटकट समजतात. पण घंगाळासमोर बसून अण्णांनी जे मला शिकवलं, तेच तो दिवसातून वीस वेळा ओरडून सांगत असतो. तुम्ही हुसेनसागरावर या, अलिबागच्या लाँचमध्ये बसा किंवा कोयनेच्या जलाशयात नावेत चढा. अंगात लाइफ जॅकेट घाला आणि नावाड्याने बसा म्हटलं की बसा. बुद्धाचा फोटो बसूनही चांगला येतो.

बोट धक्क्याला लागली. माणसं एकेक करून उतरली आणि तो चार बोटांचा ओला पट्टा पुन्हा वर आला. नातवाने वाकून त्याला हात लावला आणि मगच तो काठावर चढला.